रेवदंड्याच्या खाडीत एक छोटी कॅटमरान सांभाळताना

आमची कॅटमरान पाण्यावर धावताना आजवर एकदाही मोडलेली नाही. तिचे जे जे नुकसान झाले ते शीड उतरलेले असताना झाले: खाडीत बांधून ठेवली असताना, ट्रेलरवर घालून रस्त्याने नेताना आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीत पडून असताना. २०१८ पासून मी आणि माझा धाकटा भाऊ पुण्यात राहून रेवदंड्याला ही होडी सांभाळत आहोत. हंगामातल्या एखाद्या शनिवार-रविवारी फार तर सहा तास आमचे शीड वर असते आणि आठवड्याचे उरलेले १६२ तास होडी कुठे तरी थांबलेली असते. शीड कसे हाताळावे हे आम्ही मुंबईत रीतसर शिकलो होतो. या थांबलेल्या तासांत होडीची काळजी कशी घ्यावी हे मात्र चुका करत आणि रेवदंड्याच्या कोळी मंडळींना विचारत शिकावे लागले. तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

होडी होबी १६ या प्रकारची आहे. कॅलिफोर्नियातील होबी आल्टर यांनी १९७० च्या सुमारास ही रचना बाजारात आणली. लाटा फुटत असलेल्या वाळूच्या किनाऱ्यावरून होडी थेट पाण्यात ढकलता यावी आणि तशीच वाळूवर परत आणता यावी, हा त्यामागचा विचार होता. दोन अरुंद, पोकळ फायबरचे हल (पाण्यावर तरंगणारे लांबट सांगाडे), त्यांना जोडणारी ॲल्युमिनियमची चौकट आणि त्या चौकटीत दोरीने ताणून बसवलेले जाळीचे ट्रॅम्पोलीन एवढाच तिचा पसारा आहे. लांबी ५.०४ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलो आणि डोलकाठी आठ मीटरांहून थोडी अधिक. पाण्यात खोल उतरणारे मधले पाते तिला नाही. प्रत्येक हलची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असते, त्यामुळेच ती वाऱ्याबरोबर आडवी वाहत जात नाही. ‘कॅटमरान’ हा शब्द मूळचा तमिळ. ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडे. देखभाल करताना हा अर्थ मला वारंवार आठवतो, कारण या होडीचा एक भाग दुसऱ्याला जिथे जिथे बांधलेला आहे, तिथेच ती आधी झिजते.

एप्रिल २०१८ मध्ये गोव्यात ही होडी आम्हाला वापरलेली मिळाली. ती साधारण पंधरा वर्षांची होती. विकत घेण्यापूर्वी आम्ही जवळजवळ अर्धा दिवस तिच्या दोन्ही हलवर नाण्याने टकटक करत बसलो होतो. हलच्या भिंती भरीव नसतात. फायबरच्या दोन पातळ थरांच्या मध्ये फोम असतो. हा फोम आणि वरचा थर एकमेकांना चिकटून असतील तर आवाज टणक येतो, सुटले असतील तर बद्द येतो, आणि तिथे अंगठ्याने दाबले की पृष्ठभाग किंचित आत जातो. चौकटीचे पुढचे खांब हलमध्ये जिथे उतरतात, त्याच्या आगेमागे ही शक्यता सर्वांत जास्त असते, कारण डोलकाठीचा आणि वायरींचा सगळा ताण त्या भागातून जातो. आमच्या उजव्या हलवर तळहाताएवढी एक जागा बद्द वाजली. शिवाय वर्षानुवर्षे वाळूवर ओढल्यामुळे दोन्ही हलचा खालचा कणा इतका झिजला होता की एका ठिकाणी फायबरचे धागे दिसत होते. या दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या होत्या, म्हणून होडी घेतली आणि ट्रकमधून पुण्याला आणली.

त्या पावसाळ्यात एका मित्राच्या शेडमध्ये दुरुस्ती झाली. बद्द वाजणाऱ्या जागेवर इंचा-इंचाच्या अंतराने फक्त वरच्या थरातून जातील अशी बारीक भोके पाडली, आतला ओलावा पूर्ण सुकू दिला आणि मग सिरिंजने इपॉक्सी (सुकून कडक होणारे चिकट रेझिन) भरले. एका भोकात भरलेले इपॉक्सी शेजारच्या भोकातून वर आले की तिथली पोकळी भरली असे समजायचे. झिजलेल्या कण्यावर काचेच्या धाग्याच्या कापडाचे तीन थर चढवले. कोकणातील होड्यांच्या कामात पॉलिएस्टर रेझिन सर्रास वापरतात आणि नव्या होडीला ते योग्यच आहे; जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर मात्र इपॉक्सीची पकड अधिक चांगली बसते, म्हणून खर्च जास्त असूनही आम्ही तेच वापरले. याच कामात माझ्या हातून एक चूक झाली. हलच्या वरच्या भागात एक अगदी बारीक छिद्र होते. ते जुन्या रिव्हेटचे उरलेले भोक असावे, असे समजून मी तेही इपॉक्सीने बुजवले. त्या छिद्राचे काम काय होते, हे पुढे फेब्रुवारीत कळले.

माझे शिक्षण धातुशास्त्राचे असल्यामुळे चौकटीकडे आणि वायरींकडे मी स्वतः लक्ष दिले. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांचे कोपरे स्टेनलेस स्टीलच्या रिव्हेटने जोडलेले असतात. हे दोन धातू एकमेकांना टेकलेले असताना खारे पाणी मध्ये आले की त्यांची बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली की हे सुरू झाले आहे, हे ओळखावे. आम्ही असे अकरा रिव्हेट काढले, भोके साफ केली, दोन धातूंचा स्पर्श तोडणारी पेस्ट लावली आणि मग नवे बसवले. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या वायरी दिसायला चकचकीत होत्या. पण स्टेनलेस स्टील हवेतल्या ऑक्सिजनच्या जोरावरच गंजापासून वाचते. ऑक्सिजन पोहोचत नाही अशा फटीत खारे पाणी साचून राहिले तर तेही गंजते. त्यामुळे वायर मध्यभागी तपासून उपयोग नसतो. ती टोकाच्या दाबलेल्या नळीत जिथे शिरते तिथे आणि प्लास्टिकच्या वेष्टणाखाली पाहावे लागते. मऊ कापड वायरीवरून फिरवले तेव्हा नळीच्या तोंडाशी एके ठिकाणी ते अडकले. एकोणीस तारांपैकी एक तुटली होती. एकच तार तुटली आहे, अजून एक हंगाम निघेल, असे भावाचे मत होते. मी सगळ्या वायरी बदलायला लावल्या, आणि प्लास्टिकचे वेष्टण काढल्यावर आत तांबूस गंज दिसला तेव्हा त्यालाही ते पटले.

ट्रेलर पुण्यातच एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात बांधून घेतला. त्यात दोन गोष्टी आम्ही आग्रहाने करून घेतल्या. पहिली म्हणजे होडीचा भार हलच्या मधल्या भागावर न घेता चौकटीच्या पुढच्या आणि मागच्या नळ्यांच्या बरोबर खाली, रुंद आणि गादी लावलेल्या आधारांवर घेतला. अरुंद रोलरवर उभी राहिलेली होडी खड्ड्यात आदळली तर हलचा तळ आत दबतो. दुसरी म्हणजे चाकांचे हब आणि बेअरिंग रस्त्यावरच्या एका अगदी सामान्य छोट्या मोटारीचे घेतले, म्हणजे सुटा भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळावा. नोंदणी, नंबरपाटी आणि मागचे दिवे ही कामे वेळखाऊ होती, पण ती पूर्ण केल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर काढला नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आम्ही पहिल्यांदा पुणे, लोणावळा, खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग आणि चौल असा सुमारे १६० किलोमीटरांचा प्रवास केला. बांधणीला दोन तास लागले. सुकाणूची दोन्ही पाती काढून गाडीत ठेवली, कारण ती मागे लोंबत राहिली तर प्रत्येक धक्क्याला त्यांचे बिजागर हलच्या टोकाला हिसके देते. आठ मीटरांची डोलकाठी पुढे गाडीच्या छतावर आणि मागे होडीच्या बाहेर जाते, म्हणून तिला तीन ठिकाणी आधार दिला आणि मागच्या टोकाला लाल कापड बांधले. बांधायचे पट्टे ट्रॅम्पोलीनवरून न नेता चौकटीच्या नळ्यांवरूनच घेतले आणि प्रत्येक पट्ट्याला एक पीळ दिला. सपाट पट्टा वाऱ्यात सतत फडफडतो आणि त्या थरथरीने खालचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, घासला जातो. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या हुकावर यावा, इतकी होडी ट्रेलरवर पुढे सरकवली. हुकावर भार कमी पडला तर उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो, आणि बोरघाटात तो धोका पत्करण्यासारखा नाही. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळले, घाट उतरल्यावर खोपोलीला दोन्ही हबला हात लावून ते तापलेले नाहीत ना हे पाहिले. खरी परीक्षा घाटात न होता अलिबागपुढे आक्षी, नागाव, चौल या वाड्यांमधल्या रस्त्यावर झाली. समोरून एसटी आली की जवळजवळ अडीच मीटर रुंदीचा ट्रेलर कुठे थांबवायचा, हे भाऊ पुढे चालत जाऊन पाहत असे.

डोलकाठी उभी करण्यापूर्वी वर पाहणे ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. कोकणात किनाऱ्याकडे जाणाऱ्या बहुतेक रस्त्यांवरून विजेच्या तारा जातात, आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी व ओले हात यांच्यामध्ये विजेला अडवणारे काहीही नसते. अशा दुर्घटनांमुळेच पुढे या होड्यांच्या डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला गेला. तरीही त्या भागावर विसंबून राहू नये. आम्ही जागा ठरवतो, ती चारही बाजूंनी चालून पाहतो, आणि डोलकाठी एकदा उभी झाली की होडी तारांखालून कधीही नेत नाही.

आता बांधणीविषयी. रेवदंड्याला कुंडलिका नदीची खाडी समुद्राला मिळते. पलीकडे कोर्लईचा डोंगर आणि किल्ला, वरच्या अंगाला साळावचा पूल. खाडीच्या मुखापासून थोडे आत कोळ्यांच्या होड्या बांधलेल्या असतात. पुण्याहून येऊन दर वेळी होडी जोडायची आणि परत सोडवायची यात दिवस जातो, म्हणून ती हंगामभर खाडीतच बोयाला (तळाशी अडकवलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधून ठेवावी, असे आम्ही ठरवले. ज्यांच्याशी आमची चांगली ओळख झाली होती त्या नाना तांडेलांना (तांडेल म्हणजे कोळ्यांच्या होडीचा प्रमुख) विचारून, त्यांच्या होड्यांना अडचण होणार नाही अशी कडेची जागा घेतली. उधाणाच्या ओहोटीला तिथे पूर्ण चिखल उघडा पडतो. एका हलची होडी अशा वेळी कलंडते. कॅटमरान मात्र दोन पायांवर उभी राहावी तशी सरळ बसते, हा तिचा मोठा गुण आहे.

तळाशी २०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा टाकला. येथे एक हिशेब लक्षात घ्यायला हवा: काँक्रीट पाण्याच्या सुमारे २.३ पटच जड असते, त्यामुळे पाण्याखाली त्या ठोकळ्याचे वजन ११५ किलोच्या आसपास भरते. खरी पकड वजनापेक्षा ठोकळा चिखलात रुतल्यामुळे मिळते, आणि रुतायला त्याला एक-दोन उधाणे जावी लागतात. ठोकळ्याला जाड साखळी, साखळीला स्विव्हल (साखळीला पीळ बसू न देणारा फिरता जोड), स्विव्हलला बोया, आणि बोयापासून दोन दोर दोन्ही हलच्या नाळींना, म्हणजे पुढच्या टोकांना. कॅटमरानला एकाच दोराने बांधले तर ती एका बाजूने ओढली जाते, म्हणून हा दोन दोरांचा त्रिकोण हवाच, आणि प्रत्येक दोर निदान होडीच्या रुंदीइतका तरी लांब असावा. हे भाग जोडणाऱ्या शॅकलची, म्हणजे पोलादी कडीची, पिन लाटांच्या हलण्याने आपोआप उलगडत जाते. ती तारेने बांधून टाकली. नाळीपाशी दोर जिथे घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपाचे तुकडे चढवले.

नाना हे सगळे पाहत होते. त्यांच्या होड्या पुढून आणि मागून अशा दोन नांगरांवर बांधलेल्या असतात, कारण खाडीचा ओढ दिवसातून चार वेळा फिरतो. त्यांनी आम्हालाही तसेच करायला सांगितले होते. होडीला बोयाभोवती मोकळे फिरू द्यावे, असे आम्ही वाचले होते आणि आम्ही तेच केले. पंधरा दिवसांनी ओहोटीला जाऊन पाहिले तेव्हा साखळी ठोकळ्याच्या कडीभोवती साडेतीन वेढे गुंडाळली गेली होती. स्विव्हल वर, बोयापाशी होते; खाली कडीपाशी ते नव्हते. साखळी अशी आखूड झाली की भरतीच्या उंचीला होडीची नाळ खाली ओढली जाते, आणि उधाणाला तीन मीटरांहून अधिक पाणी चढणाऱ्या खाडीत ही साधी बाब नाही. आम्ही कडीपाशी दुसरे स्विव्हल बसवले. तरीही एक अडचण सुटली नाही. १४५ किलोची होडी पाण्याच्या ओढापेक्षा वाऱ्याचे अधिक ऐकते. दुपारचा खारा वारा आणि ओहोटी एकमेकांविरुद्ध असले की ती बोयाच्या पुढे जाऊन त्यालाच धडकत असे. शेवटी आम्ही नानांच्या सांगण्याप्रमाणे मागूनही एक नांगर टाकला आणि धडकणे थांबले.

बार्नेकल, म्हणजे पाण्यातल्या वस्तूंना चिकटून वाढणारे कवचवाले जीव, हा दुसरा शत्रू. आपल्या उबदार पाण्यात तीन आठवड्यांत हलवर खरखरीत थर जमू लागला. ते खरवडताना जेलकोटही निघतो, आणि शेवाळरोधक रंग लावला तर हलका, गुळगुळीत हल जड आणि खडबडीत होतो. किनाऱ्यासाठी बनवलेली ही होडी आपण तिच्या स्वभावाविरुद्ध पाण्यात ठेवत आहोत, ही शंका मला डिसेंबरातच आली होती.

फेब्रुवारी २०१९ मधल्या एका सोमवारी सकाळी नानांचा फोन आला की होडीचा डावा हल मागच्या बाजूने जवळजवळ पाण्याखाली गेला आहे आणि डोलकाठी एका अंगाला झुकली आहे. मी पुण्याहून निघाले तेव्हा भरतीचे पाणी अजून चढत होते. रस्त्यातून मी त्यांना एवढीच विनंती केली की होडी ओढू किंवा उचलू नये. हलमध्ये दीडशे लिटर पाणी असेल तर ते दीडशे किलो वजन आहे, आणि ते आत असताना ओढले तर पाणी एका टोकाला जाऊन हलची शिवण फुटू शकते. ओहोटीला होडी चिखलावर बसली, नानांच्या मुलाने मागचे बूच उघडले आणि पाणी आपोआप निघून गेले. बराच वेळ धार चालू होती, असे त्याने सांगितले. मी पोहोचले तेव्हा होडी सरळ उभी होती.

हलला कुठे भोक पडले असेल, म्हणून आम्ही ती वाळूवर आणून तपासली. व्हॅक्युम क्लीनरची हवा फुंकणारी बाजू अगदी हलक्या दाबाने हलच्या तोंडाला लावली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवले. या कामाला कॉम्प्रेसर कधीही वापरू नये, त्याच्या दाबाने वरचा आणि खालचा भाग सुटतो. कुठेही बुडबुडा आला नाही. फक्त मागच्या बुचाच्या रबरी चकतीपाशी थोडे फेस आले. एवढ्याशा फटीतून इतके पाणी कसे गेले, याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सापडले. दिवसा उन्हात हल तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि बुचाच्या फटीतून बाहेर जाते. संध्याकाळी हल गार होतो, हवा आकसते आणि त्याच फटीतून पाणी आत ओढले जाते. रोज थोडे, असे महिनाभर. हे होऊ नये म्हणूनच बनवणाऱ्यांनी हलच्या वरच्या भागात ते बारीक छिद्र ठेवलेले असते, आणि तेच मी पावसाळ्यात बुजवले होते. मी ते पुन्हा उघडले आणि दोन्ही बुचांच्या चकत्या बदलल्या. त्यानंतर होडी कायम पाण्यात ठेवणे आम्ही बंद केले.

तेव्हापासून ती भरतीच्या रेषेच्या वर, वाळूवर असते. तिला पाण्यापर्यंत नेण्यासाठी हवेच्या दोन फुगीर, रुंद चाकांची एक गाडी आहे. मऊ वाळूतही दोघांना होडी सहज ढकलता येते. या चाकांचा दुसरा फायदा आम्हाला उशिरा कळला. पहिल्या हंगामात आम्ही रस्त्याचा ट्रेलरच पाण्यात उतरवत होतो. चालून तापलेला हब थंड, खाऱ्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून पाणी बेअरिंगमध्ये शिरते. हलमध्ये जे घडले तेच येथेही घडत होते. मे २०१९ मध्ये परतीच्या वाटेवर वडखळच्या अलीकडे डाव्या चाकातून करकर ऐकू आली आणि थांबून पाहिले तर हबला हात लावता येत नव्हता. सामान्य मोटारीचे बेअरिंग असल्यामुळे दोन तासांत दुसरे मिळाले. आता ट्रेलर डांबरावरच थांबतो, होडी वाळूच्या चाकांवर घेतली जाते, आणि बेअरिंगमध्ये दर हंगामाच्या सुरुवातीला नवे ग्रीस भरले जाते.

वाळूवरून निघायचे म्हणजे भरतीची वेळ गाठावी लागते. त्यासाठी नानांनी आम्हाला किनाऱ्यावर सर्वांना माहीत असलेला हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आमच्याजवळ छापील कोष्टक असते, पण पुण्यात बसून पुढच्या महिन्याचा शनिवार ठरवताना मी आजही आधी तिथी पाहते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार मागे जात नाही, त्यामुळे होडी ढकलण्याचे अंतर कमी असते. उधाणाला वेळ चुकली तर लांबवर ओल्या वाळूतून ढकलत यावे लागते.

परत आल्यावरचे काम तासभर चालते आणि त्यात कधी काटकसर करायची नाही, असा आमचा नियम आहे. डोलकाठी, वायरी, पुल्या, सुकाणूची बिजागरे आणि ट्रॅम्पोलीनची शिवण गोड्या पाण्याने धुतो. मोठ्या शिडातल्या आडव्या पट्ट्यांचा ताण सैल करतो, शीड सावलीत सुकवतो आणि घडी न घालता गुंडाळून ठेवतो. शिडाचे कापड खाऱ्या पाण्याने फारसे खराब होत नाही, उन्हाने होते. ट्रॅम्पोलीनचेही तेच: जाळी टिकते, शिवणीचा धागा आधी जातो. नखाने ओढल्यावर धागा तुटला तर तो पुढच्या हंगामाची वाट पाहत नाही. सुकाणूविषयी एक गोष्ट सांगायला हवी. होडी सारखी वाऱ्याच्या दिशेने वळू पाहत असेल आणि हात दुखू लागत असेल, तर बहुतेक वेळा पाते पूर्ण खाली बसलेले नसते. आम्ही दोन महिने शीड बदलून, डोलकाठी मागेपुढे करून पाहिली. शेवटी पाते धरून ठेवणाऱ्या कॅमची स्प्रिंग आवळली आणि तो त्रास संपला.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा होडी डोलकाठीसकट वाळूवर उभी होती. आम्हाला पुण्याबाहेर पडता येत नव्हते. मे अखेरीस चक्रीवादळाची सूचना आली. नानांच्या होड्या पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे आधीच वर घेऊन शाकारलेल्या होत्या. आमची होडी खाली घेण्यासाठी ते, त्यांची मुले आणि ज्यांच्या वाडीत आम्ही सामान ठेवतो ते अण्णा पुढे आले आणि फोनवरून विचारत विचारत त्यांनी सगळे केले. डोलकाठीच्या बुडाची पिन जागेवर आहे हे आधी पाहा, दोघांनी डोलकाठी धरा, मगच पुढची वायर सोडा, असे मी सांगत होते. त्यानंतर ट्रॅम्पोलीनची दोरी उलगडून ते काढायला सांगितले. चार चौरस मीटरांहून मोठे हे कापड जमिनीलगत वारा धरते आणि हलकी होडी पंखासारखी उचलली जाते. मग सहा जणांनी चौकट धरून होडी अण्णांच्या वाडीत नेली. मी ती नारळाच्या खोडांना बांधायला सांगणार होते; अण्णांनी ते मोडून काढले. झाड पडले तर होडी घेऊनच पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी चार खड्डे खणून त्यांत जुन्या माडाचे ओंडके आडवे पुरले आणि दोर त्यांना बांधले.

३ जून रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. चार दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा अण्णांनी आधी घरचे सगळे सुखरूप असल्याचे सांगितले आणि मग वाडीतली अर्ध्याहून अधिक पोफळी मोडून पडल्याचे सांगितले. पोफळ पाच-सात वर्षे जोपासावी तेव्हा तिचे उत्पन्न हाती लागू लागते. त्या फोनवर आम्हाला होडीचे विचारणे सुचले नाही. त्यांनीच शेवटी सांगितले की एक पोफळ चौकटीवर पडून मागची नळी वाकली आहे, चारही दोर मात्र जागचे हललेले नाहीत.

सप्टेंबरमध्ये जाता आले. दोन्ही हल तपासून पाहिले, ते ठणठणीत होते. वाकलेल्या नळीमुळे मागची रुंदी कमी झाली होती, म्हणून दोन हलच्या मध्ये सागाची फळी घट्ट ठोकून, तिच्या आधाराने होडी ट्रेलरवर बांधली आणि पुण्याला आणली. नवी नळी मिळायला पाच महिने गेले. त्या काळात आम्ही अण्णांकडे पोफळीची रोपे लावण्याच्या कामाला दोनदा जाऊन आलो.

आता दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात होडी सुटी केली जाते आणि नारळी पौर्णिमेनंतर, पाऊस ओसरला की, पुन्हा जोडली जाते. वाडीत तिच्यावर प्लास्टिकचा ताडपत्री कागद थेट टाकत नाही, त्याखाली दमटपणा कोंडून बुरशी येते. अण्णांच्या पद्धतीने बांबूच्या मांडवावर झापा (विणलेल्या नारळाच्या झावळ्या) घालतो आणि बाजू मोकळ्या ठेवतो. दोन्ही बुचे काढून ती ट्रेलरच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवलेली असतात, म्हणजे ट्रेलर जोडताना ती हातात येतात आणि पाण्यात उतरण्यापूर्वी लावायची राहत नाहीत. गेल्या मेमध्ये डोलकाठीच्या वायरी ठरलेल्या मुदतीने पुन्हा बदलल्या, एकही तार तुटलेली नसताना. उतरवलेल्या वायरी अण्णांनी मागून घेतल्या. नव्या पोफळींमध्ये लावलेल्या मिरीच्या वेलांचा मांडव त्यांनी त्यावर ताणला आहे.